छत्तीस बरण्या आणि एक कोरा कागद

१

पाकीट फाडलं तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. आत एक कागद होता, नीट तिहेरी घडी घातलेला. सरांनी तो उलगडला, उलटा केला, खिडकीकडे धरला आणि परत सुलटा केला. दोन्ही बाजूंनी कोरा.

मी गांडुळांची गोष्ट सांगतोय, तेव्हा ती खरी आहे हे समजून चाला. खोटी सांगायची असती तर गांडुळांच्या जागी नाग घातले असते.

सरांच्या प्रयोगशाळेत मी काचकाम करायचो. इंग्रजी टी अक्षरासारख्या काचेच्या नळ्या मीच फुंकून केल्या होत्या. नळीच्या खालच्या टोकातून गांडूळ आत सोडायचं. उजवीकडे वळलं तर ओलसर पालापाचोळा, डावीकडे वळलं तर खरखरीत कागद. रोज सराव दिला तर गांडूळ उजवीकडे वळायला शिकतं का, एवढाच प्रश्न. हसू नका, त्यावर एका मुलीची पाच वर्षं गेली होती.

तिला आम्ही टिटवी म्हणायचो, कारण ती एका जागी ठरायची नाही आणि तिचा आवाज तीन खोल्यांपलीकडे पोचायचा. त्या सकाळी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना.

का, ते सांगतो. छत्तीस गांडुळं होती. अठरांना वीस दिवस सराव दिलेला, अठरांना नाही. सराव दिला मावशीनं. गांडुळांचं खाणंपिणं तीच बघायची. मग तिनं चिठ्ठ्या टाकून, एकाच सकाळी, सगळी गांडुळं छत्तीस नव्या बरण्यांत हलवली आणि कुठल्या बरणीत कोणतं याची यादी केली. ती यादी पाकिटात बंद आणि पाकीट सरांच्या कपाटात. पुढचे चौदा दिवस टिटवीनं एकेक गांडूळ नळीत सोडून कोण किती वेळा उजवीकडे वळतं ते मोजलं, पण यातलं शिकवलेलं कोणतं हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं की मोजणारा नकळत आपल्याला हवं तेच बघतो, म्हणून ही आंधळी पद्धत. मोजलेले आकडे शुक्रवारीच मासिकाकडे रवाना झाले होते, मागाहून कोणी त्यांत हात घालू नये म्हणून. आज मंगळवार. दहाला सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं, आकडे दोन गटांत घालायचे, निबंधातल्या रिकाम्या जागा भरायच्या आणि पाचच्या आत पाठवायचा.

पाचनंतर मासिकाचं दार बंद. टिटवीची मुदतही आजच संपत होती, तिसरी आणि शेवटची वाढ. छापायला मान्य झालेला निबंध नाही तर पदवी नाही, असा नियम.

"दुसरी प्रत असेल ना?" सरांच्या जावयांनी, आमच्या जावईबापूंनी, विचारलं.

"प्रत म्हणजे गळती," सर म्हणाले. हा त्यांचाच नियम होता. एकच कागद, फोटो नाही, नक्कल नाही. तो नियम ते दहा वर्षं अभिमानानं सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तो खाली मान घालून सांगितला.

२

"आज काय, कोणी गेलं की काय?"

दारात आत्या उभ्या होत्या. आत्या म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या निवृत्त प्रमुख. निवृत्त झाल्या तरी दर मंगळवारी यायच्या आणि कोणाच्याही निबंधाच्या शेवटची संदर्भांची यादी तपासून द्यायच्या. चुकीचा पान क्रमांक त्यांना वासावरून कळतो, असं म्हणत. मी तर त्यांना बंद पुस्तकातली चूक सांगताना पाहिलंय, पण ते राहू दे.

सगळं ऐकून त्यांनी खुर्ची ओढली. "निबंध कुठाय?"

"आत्या, निबंधाचं काय करताय," टिटवी म्हणाली. "यादी गेलीय."

"यादी शोधायला मला वेगळं काही येत नाही बाई. मला वाचता येतं. आण."

टिटवीनं छापील खर्डा दिला. आत्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, बोट फिरवत. सर येरझारा घालत होते. मी पाकीट उचलून पाहिलं. वरच्या झाकणावर मावशीची आडवी सही, जशीच्या तशी. पण खालच्या शिवणीवरचा डिंक ताजा चकाकत होता. वाफेवर धरून खालून उघडलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं. गरम पाण्याचं भांडं आमच्याकडे दर टेबलावर. कपाटाची किल्ली सरांच्या दारामागच्या खिळ्याला, आणि तो खिळा झाडूवालीपासून सगळ्यांना माहीत.

"मावशी," आत्यांनी मान वर न करता विचारलं, "तू कोरा कागद घातला नव्हतास ना?"

"अगं बाई, छत्तीस आकडे माझ्या हातानं लिहिले. डावीकडे बरणी, पुढे खूण. खाली सही. कोरा कागद घालायला मला काय भूल पडली होती?"

"आता आठवून लिहिता येईल?"

"सकाळी भाजीला मीठ घातलं का ते आठवत नाही मला. आणि दोन-चार आठवले तरी बाकीच्यांचं काय?"

"आठवले तरी चालायचं नाही," सर मध्येच म्हणाले. "आकडे आधीच समोर आहेत. आता यादी नव्यानं केली तर कोणीही म्हणेल, हवी तशी केली."

आत्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'अभ्यासादरम्यान बरणी क्रमांक तेवीसमधील गांडूळ दगावले. ते' मग रिकामी जागा, 'गटातील होते.' हे काय?"

"मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी मेलं ते," टिटवी म्हणाली. "कुठल्या गटातलं ते यादी उघडल्यावर कळणार होतं. म्हणून जागा सोडलीय."

"बरं केलंस," आत्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

तेवढ्यात सर थांबले. टिटवीकडे न बघता म्हणाले, "एक वाजेपर्यंत यादी मिळाली नाही तर मी मासिकाला पत्र लिहीन. निबंध मागे घेतोय म्हणून. आणि कारण द्यावं लागेल."

"काय कारण, सर?"

"पाकीट आलं मावशीकडून. आकडे आले तुझ्याकडून. आणि मधे कोरा कागद." त्यांनी चष्मा काढला. "तू माझ्या जागी असतीस तर काय लिहिलं असतंस?"

३

टिटवी ओठ चावत खिडकीशी गेली. मावशीनं पदर तोंडाशी धरला, आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली की ही गोष्ट हसण्यावारी जाणार नाही.

आत्यांनी खर्डा बगलेत मारला आणि मला खूण केली. आम्ही दोघं जावईबापूंच्या टेबलाशी गेलो.

जावईबापू म्हणजे सरांच्या मुलीचे यजमान. बाहेरून डॉक्टरेट करून आलेले आणि सासऱ्यांच्याच प्रयोगशाळेत लागलेले. त्यामुळे त्यांना काही बोलायची सोय नव्हती, आणि नाव ठेवायची मात्र फार सोय होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी निबंध लिहून ठासून सांगितलं होतं की गांडूळ काही शिकत नाही.

"मला माहीत होतं तुम्ही आधी माझ्याकडेच येणार," ते म्हणाले.

"मग उत्तरही तयार असेल."

"आहे. गांडुळं शिकली असती तर माझी नाचक्की. शिकली नसती तर सासऱ्यांची. पाकीट उघडलं तर काय निघेल हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. मला दोन्हीकडे जेवायला बसायचं असतं, आत्या."

"शनिवारी कुठे होतास? शुक्रवारी पाकीट धड होतं, आणि रविवार-सोमवार इमारतीला कुलूप."

"घरी. सासरे जेवायला होते. विचारा त्यांना, आमटी खारट झाली म्हणून तासभर बोलत होते."

आम्ही सरांच्या खोलीत जाऊन विचारलं, तर त्यांनी कबूल केलं. आमटी खारटच होती. आणि मग आत्यांनी शांतपणे विचारलं, "सर, गेल्या महिन्यात तुम्ही परिषदेत भाषणात सांगितलंत की गांडुळं शिकतात. पाकीट तर बंद होतं."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी म्हणालो, चिन्हं आशादायक आहेत."

"छापील वृत्तांतात 'सिद्ध झाले आहे' असं आलंय. मी वाचलंय."

"वार्ताहराची चूक."

"असेल. पण गांडुळं शिकली नसल्याचं यादीतून निघालं तर चूक कोणाची ठरेल?"

टेबलाच्या खणातून सरांनी प्रयोगशाळेचं नाव छापलेला कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. बारा वाजून चाळीस मिनिटं. वर तारीख घातली. त्याखाली लिहिलं, "सप्रेम नमस्कार, अत्यंत खेदाने कळवावे लागते की".

४

"तुमच्या मागे वाघ लागला असता तरी एवढ्या वेगानं चालला नसता," मी आत्यांना म्हणालो. त्या जिना चढून वरच्या मजल्यावर निघाल्या होत्या. तिथे मास्तर बसायचे. दहाला पाकीट उघडताना ते खाली होते, मग वर निघून गेले होते.

मास्तर म्हणजे आमचे आकडेशास्त्रज्ञ. अख्ख्या इमारतीत यांच्याइतका भला माणूस नव्हता. कोणाचा आलेख अडला, कोणाची सरासरी रुसली, की मास्तरांकडे जायचं. टिटवीला तर ते स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालायचे. ती त्यांना काका म्हणायची.

"या आत्या, बसा. पोरीचं काय झालं हो हे," ते म्हणाले. डोळे लाल होते. "सर पत्र लिहितायत म्हणे? थांबवा त्यांना. सांगा, पाकीट हरवलं, पुन्हा प्रयोग करू. तीन महिन्यांचा प्रश्न. अशा अपघाताला विद्यापीठ मुदत देतं. मी नियम काढून ठेवलाय."

"नियमही काढून ठेवलास? बरा आहेस रे कामाचा."

"सकाळपासून दुसरं केलं काय. गणित तर केव्हाचं तयार आहे." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा. डावीकडच्या रकान्यात शिकवलेली, सतरा ओळी. उजवीकडे न शिकवलेली, अठरा ओळी. आकडे ओतायचे आणि बटण दाबायचं. दोन मिनिटांचं काम होतं."

आत्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. ओळी रिकाम्या होत्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. निदान मला तरी दिसलं नाही.

"सुरेख आखलंयस," त्या म्हणाल्या. "चल खाली. आणि हा तक्ता छापून घे."

"रिकामा तक्ता?"

"रिकामाच हवाय मला."

५

एकला पाच कमी असताना आम्ही सगळे सरांच्या खोलीत होतो. पत्र पुरं झालं होतं, सही तेवढी राहिली होती.

"सही थांबवा," आत्या म्हणाल्या. "मी आधी एक विचारते. यादी लपवून कोणाला काय मिळालं? गांडुळं शिकली असती तर सरांचं भाषण खरं ठरलं असतं, टिटवीची पदवी पक्की झाली असती. त्या दोघांनी यादी जिवापाड जपली असती. शिकली नसती तर जावईबापूंचा जुना निबंध खरा ठरला असता. त्यांनी ती चौकात वाचली असती. मग यादी नाहीशी करणारा कोण? ज्यानं आत बघितलं, निकाल काय आहे ते कळलं, आणि ज्याला तो निकाल बाहेर यायला नको होता."

"म्हणजे मी," सर म्हणाले.

"तुम्हीही बसता त्यात. पण तुम्ही आत बघितलेलं नाही. ज्यानं बघितलं त्यानं मला स्वतः दाखवलं." त्यांनी मास्तरांच्या हातातला कागद घेऊन टेबलावर पसरला. "टिटवी, ओळी मोज."

टिटवीनं बोट लावून मोजल्या. "सतरा. आणि अठरा."

"तुझी गांडुळं किती?"

"अठरा आणि अठरा. एक मेलं म्हणून," ती बोलता बोलता थांबली.

"कुठल्या गटातलं मेलं?"

"ते कोणालाच माहीत नाही." मग तिनं हळूच मान वळवली. "काका?"

मास्तरांनी घसा साफ केला. "अंदाजानं आखलं मी. कुठलं तरी एक कमी धरायचं."

"तू?" आत्यांचा आवाज चढला नाही. "वीस वर्षं तू आम्हाला सांगतोयस, माहीत नसेल तिथे जागा सोडा, अंदाज भरू नका. या पोरीनं निबंधात जागा सोडली ती तुझ्याकडूनच शिकून. तू दोन्हीकडे अठरा ओळी ठेवल्या असत्यास आणि एक मागाहून खोडली असतीस. तेवीस नंबर शिकवलेलं होतं हे तुला ठाऊक होतं. आणि ते त्या यादीखेरीज जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं."

मास्तर खाली बसले. खुर्ची आहे का तेही त्यांनी बघितलं नाही, जावईबापूंनी ती पुढे सरकवली म्हणून बरं.

"शनिवारी उघडलं," ते म्हणाले. "मंगळवारी घाई होईल, आधी गणित बसवून ठेवू, एवढंच मनात होतं. आकडे घातले. मग काढले, पुन्हा घातले, तीनदा. शिकवलेली दहात सरासरी पाच पूर्णांक दोन वेळा उजवीकडे वळतात. न शिकवलेली पाच पूर्णांक चार."

"न शिकवलेलीच बरी," जावईबापू पुटपुटले. मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

"काही निघालं नाही असा निबंध कोण छापतं?" मास्तर टिटवीकडे बघत होते. "माझा प्रबंध असाच शून्यावर अडला. म्हणून मी मास्तर, डॉक्टर नाही. पोरी, मला वाटलं यादी हरवली तर तुला मुदत मिळेल. तीन महिन्यांत दुसरी गांडुळं, दुसरा निकाल. सर तुझ्यावरच उलटतील हे माझ्या गणितात नव्हतं."

"आणि सकाळी माझी अवस्था बघूनही बोलला नाहीत," टिटवी म्हणाली.



"यादी जाळलीस?" सरांनी विचारलं.

"मी आकडा फाडत नाही, सर. तुमच्या पाठीमागच्या फळीवर आहे. चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालात. ते कोणी उघडत नाही."

खरंच तिथे होती. मावशीचं अक्षर, मावशीची सही. तेवीसपुढे शिकवल्याची खूण.

६

सरांनी खेदाचं पत्र फाडलं, पण चेहरा उजळला नाही. यादी मिळाली होती, निकाल मात्र शून्य.

"सर, खर्ड्यात मासिकाच्या मूळ पत्राचा उल्लेख आहे, ते मला दाखवा," आत्या म्हणाल्या. "मार्चमध्ये आलेलं."

"त्यात काय आहे? 'आपला प्रस्ताव मान्य झाला हे कळवताना आनंद होतो.'"

"आनंदापर्यंत तुम्ही वाचलंत. मला पुढचं हवंय."

पत्र दोन पानी होतं. आत्यांनी दुसरं पान वाचून दाखवलं. या विशेषांकासाठी मासिकानं निबंध आधीच स्वीकारलेला होता, प्रयोगाची आखणी बघून. निकाल काहीही निघो, ते छापणार होते. अट एकच: यादीचं पाकीट ठरल्या दिवशी, सर्व लेखकांसमक्ष, पहिल्यांदा उघडलेलं असावं.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे शून्यालाही पदवी होती," सर सावकाश म्हणाले. मग ते सावरले. "मग झालं तर. यादी आहे, आकडे आहेत. पाकीट आज दहाला सगळ्यांसमक्ष उघडलं, हे खोटं नाही."

"पहिल्यांदा नाही उघडलं," टिटवी म्हणाली.

"ते या खोलीत सात जणांना माहीत आहे. बाहेर कोणाला नाही."

"मी बोलणार नाही," जावईबापू म्हणाले. "निकाल माझ्या फायद्याचा आहे. मी कशाला खोडा घालू?"

"अगं, आकडे तर शुक्रवारीच गेले होते ना," मावशीनं टिटवीचा हात धरला. "यानं शनिवारी बघितलं. त्यानं एक आकडा तरी हलला का? मग कशाला सांगायचं? होऊ दे तुझं एकदाचं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते अवघड होतं. टिटवीनं आत्यांकडे बघितलं. आत्या खर्ड्यातले संदर्भ तपासत होत्या.

"आत्या, तुम्ही काही सांगा ना."

"तुझा सातवा संदर्भ चुकलाय. पान अठ्ठ्याण्णव हवं." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाकीचं मला तपासता येत नाही, बाळ."

तीन तास टिटवीनं रिकाम्या जागा भरल्या. तक्ता, आलेख, चर्चा. मास्तर शेजारी बसून आकडे सांगत होते, ती लिहीत होती, आणि त्यापलीकडे दोघांत शब्द नाही. साडेचारला सगळं झालं. एक परिच्छेद उरला होता, यादी कधी आणि कशी उघडली त्याचा.

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. "'सर्वांसमक्ष उघडण्यात आली.' एवढंच लिही."

टिटवीचा हात कळफलकावर तसाच राहिला. घड्याळाचा काटा सरकत होता. चार सदतीस. चार एकोणचाळीस.

"मी चौदा दिवस त्या बरण्यांसमोर बसले," ती म्हणाली, "कुठलं कोणतं ते माहीत नसताना. माहीत असतं तर माझी नजर फिरली असती म्हणून. मग शनिवारी काकांना माहीत झालं, आणि बघा त्यांनी काय केलं. इतका चांगला माणूस." तिनं कळफलक मास्तरांपुढे ढकलला. "तुम्ही लिहा. तुम्ही उघडलंत."

"हे वाचून ते निबंध परत करतील," सर म्हणाले. "तुझी पदवी जाईल."

"जाईल."

मास्तरांनी एकेक अक्षर शोधत टंकलं, जसं काही ते पहिल्यांदाच लिहायला शिकत होते. 'आकडे जमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, लेखकांपैकी एकाने यादीचे पाकीट इतरांना न सांगता उघडले, निकाल पाहिला व यादी लपवली. ती आज परत मिळाली.' त्यांनी 'एकाने' खोडून तिथे स्वतःचं नाव घातलं.

चार त्रेपन्नला टिटवीनं निबंध पाठवला. तिच्या जिवाला किती घोर होता ते सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर ती पूर्ण दोन मिनिटं एका जागी बसली होती.

७

आठ दिवस ती आणि मास्तर एकमेकांशी बोलले नाहीत. ते जिन्यावर दिसले की ती परत फिरायची. त्यांचा डबा बंदच्या बंद घरी जायचा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. संपादकांनी लिहिलं होतं की आकडे आधीच जमा असल्यानं आणि उल्लंघन लेखकांनी स्वतः कळवल्यानं निबंध छापण्यात येईल. मात्र पाकिटाचं ते वाक्य आतल्या पानात ठेवून चालणार नाही. ते सारांशात घ्यावं, नावासकट. सारांश दीडशे शब्दांच्या वर जाऊ नये.

मी वरच्या मजल्यावर नळी बदलायला गेलो होतो, तेव्हा टिटवी कागद घेऊन मास्तरांच्या दारात उभी होती. तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"सारांश सगळे वाचतात," ते म्हणाले.

"हो."

"बाकीचं कोणी वाचत नाही."

"हो."

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि शब्दांवरून टोक फिरवत मोजायला लागले, ओठ हलवत. मध्ये एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकशे बासष्ट," ते म्हणाले. "बारा काढावे लागतील."

टिटवीनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.